सांगलीच्या हवेत बोआ सांभाळताना: माझं पहिलं वर्ष

काशी आमच्या घरी आली १८ नोव्हेंबर २०२३ ला. माझा आत्येभाऊ नोकरीसाठी जर्मनीला निघाला होता आणि सहा वर्षं सांभाळलेली बोआ कॉन्स्ट्रिक्टर (अजगरासारखा मोठा परदेशी साप) तिकडे नेणं त्याला शक्य नव्हतं. लांबी साडेपाच फूट, वजन दोन किलो सहाशे ग्रॅम. पुण्याहून उशीच्या अभ्र्यात बांधून, भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवून गाडीने आणली. पाच तास मी मागच्या सीटवर खोक्यावर हात ठेवून बसले होते. दादाने निघताना एक वही दिली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: "गरम बाजू ३२, थंड बाजू २६, रात्री २४ च्या खाली नको." मला वाटलं, एवढंच तर आहे.

त्या एका ओळीला सांगलीत वर्षभर जागायला काय काय करावं लागलं, ते सगळं इथे लिहिते आहे. मला सुरुवातीला जी माहिती मिळाली ती बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली होती. तिथे प्रश्न एकच असतो, ऊब कशी द्यायची. आपल्याकडे डिसेंबरात ऊब द्यायची, एप्रिलमध्ये गारवा द्यायचा आणि जुलैत ओल सांभाळायची, तीही वीज जाते-येते तेव्हा.

आमचं घर गावभागात. जुनं, दोन मजली. वरची खोली रिकामी होती म्हणून काशीची काच टाकी तिथे ठेवली. चार फुटी टाकी, वर जाळीचं झाकण, एका टोकाला तळाखाली चिकटवलेली, विजेवर तापणारी हीट मॅट आणि आत भिंतीला चिकटवलेला काट्याचा गोल थर्मामीटर. दादाच्या पुण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये हे व्यवस्थित चाललं होतं. प्रवासानंतर दहा दिवस तिला खायला दिलं नाही, हात लावला नाही. २९ नोव्हेंबरला तिने पहिला उंदीर घेतला (गोठवलेले उंदीर पुण्याहून बर्फात मागवते, आणि पूर्ण वितळवून, कोमट करून देते). सगळं ठीक चाललंय असं वाटलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी पडली. वरच्या खोलीत पहाटे १४ अंश. मी टाकीत आणखी एक बल्ब लावला, काटा ३१ दाखवायला लागला आणि मी निश्चिंत झाले. २३ तारखेला तिला खायला दिलं. २६ ला सकाळी खोलीचं दार उघडलं तर वास आला. अर्धवट पचलेला उंदीर टाकीच्या कोपऱ्यात पडला होता आणि काशी मॅटच्या टोकाला घट्ट वेटोळं करून बसली होती. माझे हात कापत होते. एखादा जीव आपल्या भरवशावर दिलेला असतो आणि आपण काहीतरी चुकवलेलं असतं, ती भावना फार वाईट.

कोल्हापूरला सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे एक डॉक्टर आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ती जिथं पोट टेकवते तिथलं तापमान किती आहे?" मी म्हटलं, "एकतीस." ते म्हणाले, "काटा कुठं आहे?" काटा भिंतीवर, बल्बच्या शेजारी होता. त्या दिवशी संध्याकाळी हरभट रोडवरून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, बंदुकीसारखा, साडेचौदाशे रुपयांचा. फरशीवर रोखला. गरम बाजूच्या जमिनीवर २४.८. थंड बाजूला १९.

साप स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही, अन्न पचवायला लागणारी ऊब तो बाहेरून घेतो. ती मिळाली नाही तर पोटातलं अन्न पचण्याऐवजी सडायला लागतं आणि साप ते बाहेर टाकतो. उलटीबरोबर पोटातलं आम्लही जातं, अन्ननलिका दुखावते. म्हणून लगेच पुन्हा खायला द्यायचं नाही. डॉक्टरांनी किमान दोन आठवडे थांबायला सांगितलं, पाणी ताजं ठेवायला सांगितलं आणि पुढचा उंदीर नेहमीच्या निम्म्या आकाराचा. मी अठरा दिवस थांबले. १३ जानेवारीला तिने छोटा उंदीर घेतला आणि पचवला. ते अठरा दिवस मी रोज तिच्या पाठीच्या कण्याकडे बघत होते, हाडं वर दिसायला लागलीत का म्हणून.

त्याच दरम्यान बाबा म्हणाले, "तापमान सांभाळायचं काम ज्यांचं रोजचं आहे त्यांना विचार की." त्यांचे मित्र अण्णा विट्याजवळ हॅचरी, म्हणजे कोंबडीची अंडी उबवायचं केंद्र, चालवतात. आपल्या जिल्ह्यात विटा, खानापूर भागात पोल्ट्री किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे, पण सापासाठी तिकडे जावं हे मला सुचलं नव्हतं. ६ जानेवारीला गेलो. अण्णांनी साप म्हटल्यावर तोंड वाकडं केलं नाही. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या खोलीत नेलं, बल्बाखालची पिल्लं दाखवली आणि म्हणाले, "पिल्लं बल्बाखाली गोळा झाली की समजायचं, थंडी वाजतीया. कडंला भिंतीला चिकटली की उकाडा. सगळीकडं पांगून फिरत असली की बरोबर. काटा मागनं बघायचा, आधी पिल्लाकडं बघायचं."

त्यांच्याकडून तीन गोष्टी घेऊन आले. बल्बासारख्या होल्डरात बसणारं, पण उजेड न देता फक्त ऊब देणारं शंभर वॉटचं सिरॅमिक. एक छोटा डिजिटल कंट्रोलर, ज्यात गरम करायला एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा विजेचा स्विच) आणि थंड करायला दुसरा असतो. आणि सेन्सर तपासायची रीत. ती रीत सांगते, कारण ती फुकटात होते आणि फार उपयोगी आहे. स्टीलच्या पेल्यात बर्फ बारीक कुटून गच्च भरायचा, त्यात फटी बुजतील एवढंच थंड पाणी ओतायचं, ढवळायचं आणि सेन्सरचं टोक मधोमध धरायचं, पेल्याच्या कडेला किंवा तळाला टेकू द्यायचं नाही. तीन-चार मिनिटांनी आकडा शून्यावर स्थिरावला पाहिजे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी पेला धरून उभी होते, आकडा उतरत उतरत २.४ वर थांबला तो थांबलाच. म्हणजे माझा सेन्सर २.४ अंश जास्त दाखवत होता, ३२ दिसले की खरे २९.६. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ही दुरुस्ती टाकायची सोय असते, तिथे उणे २.४ टाकलं. दुसरं सेटिंग फरकाचं. मी एक अंश ठेवला, म्हणजे ३२ ला हीटर बंद होतो आणि ३१ ला पुन्हा चालू.

काच टाकी बदलायची हेही ठरलं. काचेतून आणि वरच्या जाळीतून ऊब निघून जाते, ओलही टिकत नाही. सुताराला अठरा एमएमच्या मरीन प्लायचं पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच कपाट सांगितलं. पुढे सरकत्या काचा, दोन्ही बाजूंना हवेसाठी भोकं, त्यांना बारीक जाळी. पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचे तीन हात. १६,८०० रुपये झाले, सगळ्यात मोठा खर्च हाच. कपाट २७ जानेवारीला आलं, पण व्हार्निशचा वास पूर्ण जाईपर्यंत तीन आठवडे नुसतं उघडं ठेवलं. घाई करू नका, सापाची फुप्फुसं नाजूक असतात. तोवर जुन्या टाकीला मागून-बाजूंनी थर्माकोल लावला आणि जाळीचा तीन चतुर्थांश भाग झाकला. एवढ्यानेच जमिनीचं तापमान चार अंशांनी वाढलं.

१८ फेब्रुवारीला काशी नव्या घरात गेली. गरम टोकाला सिरॅमिक छताला, त्याच्याभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा. हा पिंजरा लावायचाच. साप वर चढून गरम वस्तूला विळखा घालतो आणि कातडी भाजेपर्यंत सुटत नाही, भाजतंय हे त्याला आपल्यासारखं चटकन कळत नाही. सिरॅमिकच्या खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, तो ऊब धरून ठेवतो. फरशीला ग्राइंडरने बारीक खाच पाडून सेन्सरची वायर त्यात बसवली. आत कुठेही चिकटपट्टी वापरू नका. सापाच्या अंगाला चिकटली तर खवले निघून येतात. दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा ठेवायची, हेही महत्त्वाचं. गरम बाजूला एकच आडोसा असेल तर साप लपण्यासाठी उकाडा सहन करत तिथेच बसतो.

अण्णांनी निघताना आणखी एक सांगितलं होतं, एका कंट्रोलरवर कधीच विसंबायचं नाही. हॅचरीत एक चालवायला आणि एक तोडायला असतो. म्हणून मी ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला कंट्रोलर रोज चालवायला लावला आणि अण्णांचा त्याच्या पुढे जोडला, ३६ अंशांना वीज तोडायला. त्याचा सेन्सर वेगळ्या जागी, भिंतीला. २ मार्चला सकाळी बघते तर पहिल्या कंट्रोलरवर हीटिंगचा दिवा विझलेला, पण सिरॅमिक तापलेलंच. रिले आतून चिकटून बसला होता. फरशी ३९ वर गेली होती आणि दुसऱ्या कंट्रोलरने वीज तोडत-जोडत ती तिथेच अडवली होती. काशी थंड टोकाच्या आडोशात होती. कपाट पाच फुटांचं होतं म्हणून तिला सरकायला जागा होती. त्या दिवसापासून अण्णांसारखेच दोन कंट्रोलर लावलेत. दोघांचे मिळून १,३०० रुपये झाले. ही जागा काटकसरीची नाही.

वीजबिलाचा प्रश्न सगळे विचारतात म्हणून सांगते. डिसेंबर-जानेवारीत साधारण ४५ युनिट जास्त आले. थर्माकोल आणि प्लायचं कपाट झाल्यावर फेब्रुवारीत ते तीसच्या आत आले. हिवाळ्यात वीज गेली तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून आडोशाला टेकवून ठेवते. तीनेक तास निघतात.

मग उन्हाळा आला. ९ एप्रिलला गुढीपाडवा होता. दुपारी तीनला जेवून वर गेले तर काशी पाण्याच्या कुंडीत पूर्ण बुडून, फक्त नाकपुड्या वर ठेवून बसलेली. हीटर कधीचाच बंद होता. खोलीत ३७, थंड टोकाला ३५.६. वरचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्री अकरापर्यंत ती ऊब खाली सोडत राहायचा. बोआला गरम प्रदेशातला प्राणी म्हणतात म्हणून उन्हाळ्यात काळजी नाही असं मी समजत होते, पण जंगलात तो बिळात, झाडाच्या ढोलीत, पाण्यात जाऊ शकतो. कपाटात सगळीच जागा तापली तर त्याला जायला जागाच उरत नाही. पस्तीसच्या वर बराच वेळ राहिलं तर जिवावर बेततं.

मी त्या दिवशी ओली फडकी, पंखा, टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या कपाटाबाहेर लावणं, सगळं केलं. तापमान ३३ पर्यंत आलं आणि दोन तासांत पुन्हा चढलं. रात्री मी जिन्यात बसून होते. आई, जी नोव्हेंबरपासून एकदाही त्या खोलीत आली नव्हती, ती म्हणाली, "माजघरात आण तिला. तिथं कधी तापत नाही." आमच्या माजघराच्या भिंती दोन फूट जाडीच्या, खाली जुनी फरशी. ११ एप्रिलला चौघांनी मिळून कपाट खाली उतरवलं. भर दुपारी माजघरात ३१. आईने दोन गोणपाटं ओली करून खिडकीला टांगली आणि दर दोन तासांनी त्यांच्यावर तांब्याने पाणी मारायचं काम स्वतःकडे घेतलं. कंट्रोलरचा थंड करण्याचा रिले मी कॉम्प्युटरच्या जुन्या बारा व्होल्टच्या पंख्याला जोडला. थंड टोकाला २९ च्या वर गेलं की तो आपोआप आतली हवा बाहेर ओढायचा. थंड टोकाला मातीची मोठी कुंडी आडवी, निम्मी भुश्यात पुरून ठेवली आणि बाहेरून ओली ठेवली. कुंडीच्या आत २७.५ मिळायचं. मे महिनाभर काशीचा मुक्काम त्या कुंडीत होता. १२ एप्रिल ते १० जून सिरॅमिक एकदाही चालू करावं लागलं नाही. उंदीरही त्या काळात लहान आणि दर तीन आठवड्यांनी.

याच उन्हाळ्यात नोंदणीचं काम निघालं. बोआ परदेशी प्राणी आहे आणि साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाल्यावर अशा प्राण्यांची नोंद सक्तीची झाली आणि तिचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे. दादाने परदेशी प्राण्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या २०२० च्या स्वेच्छा घोषणा योजनेत काशीची नोंद केली होती, ती पावती फार कामाला आली. ती नसती तर ती कुठून आली हे सिद्ध करायला मला फार जड गेलं असतं. सोबत दादाचं हस्तांतराचं नोटरी केलेलं पत्र, माझं आधार, डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला आणि फोटो लागले. फोटोंसाठी एक सांगते. डोकं वरून, दोन्ही बाजूंनी आणि शेपटीकडचे विटकरी पट्टे स्पष्ट दिसतील असे काढा, प्रत्येक बोआचे ते वेगळे असतात. १४ जूनला अर्ज केला. २ जुलैला हस्तांतराची तारीख स्पष्ट करा म्हणून तो परत आला, दोन दिवसांत दुरुस्त करून पाठवला. २३ जुलैला पडताळणीला दोघेजण आले, कपाट पाहिलं, माझी तापमानाची वही उलटून पाहिली. १९ ऑगस्टला प्रमाणपत्र मिळालं.

ते मिळेपर्यंत गल्लीत कुजबूज होती. आमच्या भागात मांडुळाच्या तस्करीच्या बातम्या वरचेवर येतात आणि एकदोघांना काशी मांडूळच वाटली. मी प्रत्येकाला घरी बोलावून दाखवलं आणि सांगितलं की मांडूळ, अजगर, धामण, आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं गुन्हा आहे, तो मी कधी करणार नाही. ज्यांना साप पाळायची इच्छा आहे त्यांनाही हेच सांगणं आहे. कागद नसलेला प्राणी कुणी कितीही स्वस्तात देत असला तरी घेऊ नका.

पावसाळ्यात माझा गोंधळ झाला. माजघर उन्हाळ्यात उत्तम, पण गावभागात कृष्णेची आठवण कुणी विसरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या माजघरात छातीएवढं पाणी होतं. म्हणून १ जुलैला कपाट पुन्हा वर नेलं. वर ओल, बाहेर सतत पाऊस, दोनदा सहा-सहा तास वीज नाही. कपाटात आर्द्रता ८८ टक्के आणि तापमान २३. आर्द्रता ६० ते ७० हवी असते, आणि थंड आणि ओलं एकत्र आलं की सापाला श्वसनाचा संसर्ग होतो. २९ जुलैच्या रात्री काशी श्वास घेताना बारीक टकटक असा आवाज ऐकू आला. तोंडाच्या कडेला एक बुडबुडा. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठलं. दर ७२ तासांनी एक अशी पाच इंजेक्शनं, येण्याजाण्यासकट ४,२०० रुपये. आजारी असेपर्यंत रात्री तापमान उतरू द्यायचं नाही, थंड टोकालाही २८ ठेवायचं, पाणी फवारायचं बंद, हवेची भोकं मोकळी. सिरॅमिक तेव्हापासून घरातल्या इन्व्हर्टरवर घेतलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आवाज थांबला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने एकसंध कात टाकली, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट. मी ती कात जपून ठेवली आहे.

वही अजून लिहिते. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री दहा, गरम टोक, थंड टोक, आर्द्रता, आणि चौथ्या रकान्यात ती कुठे बसली आहे. सुरुवातीला हा चौथा रकाना नव्हता. आता मी आधी तोच भरते. दिवसभर गरम टोकाला चिकटून असेल तर आकडा काहीही म्हणो, मी फरशीवर थर्मामीटर रोखते. दिवसभर पाण्यात असेल तर थंड टोक तपासते (आणि अंगावर गोचीड वा बारीक किडे नाहीत ना तेही, कारण त्यानेही साप पाण्यात बसतात). खाल्ल्यावर दोन-तीन दिवस गरम बाजूला आणि मग इकडे-तिकडे, असं असलं की निवांत.

यंदा थंडी नोव्हेंबरच्या मध्यालाच जाणवायला लागली. गेल्या मंगळवारी मी ऑफिसात होते, आईचा फोन आला. "काशी सकाळपासून त्या बल्बाच्या फरशीवरनं हलली नाही. आकडा बत्तीस दाखवतोय, पण मला पटत नाही." घरी येऊन बघितलं. काशीने फिरताना सेन्सरची वायर खाचेतून उचकटून वर घेतली होती आणि टोक सिरॅमिकच्या दिशेने उभं राहिलं होतं. फरशी २६ होती. मी वायर पुन्हा खाचेत बसवली, वरून दोन केबल टाय ओढले, आणि आईने तोपर्यंत टॉवेलात गुंडाळून गरम पाण्याची बाटली आणून ठेवली होती.